भडंगाची परात गायब कशी करावी : अंगणातल्या मूकपटाची रीत

हरिपूर हे सांगलीला लागून असलेले, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे गाव हळदीच्या पेवांसाठी, म्हणजे ती साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांसाठी ओळखले जाते. तिथल्या एका जुन्या वाड्याच्या अंगणात गेले काही उन्हाळे मी आणि आळीतली मुले मिळून दोन-तीन मिनिटांचे मूकपट करीत आलो आहोत. त्यांत बोलणे नसते. असते ती आपटाआपटी, पाठलाग, आणि क्षणात नाहीशा होणाऱ्या वस्तू. साधने म्हणाल तर एक मोबाइल, एक ट्रायपॉड, एक पांढरी चादर आणि घरातली भांडीकुंडी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये किंवा कॅलिफोर्नियात ज्या युक्त्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर केल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक सगळ्या या एवढ्या सामग्रीत करता येतात. कशा, ते आमच्या भडंगाच्या गोष्टीवरून सांगतो.

गोष्ट एवढीच आहे. आज्जी भडंगाची परात निवण्यासाठी अंगणातल्या पाटावर ठेवून आत जाते. नातू बोट लावतो, तोच परात नाहीशी होते आणि समोरच्या भिंतीवर दिसते. तो भिंतीवर उडी मारतो, तर परात पुन्हा पाटावर. मग त्याच्यासारखाच दुसरा नातू खांबामागून येतो आणि दोघांत ओढाताण सुरू होते. आप्पांना जाग येते, पाठलाग होतो, नातू भिंतीवरून पडतो आणि सगळे भडंग त्याच्या डोक्यावर. ही गोष्ट कोणालाही न बोलता सांगता येते, आणि मूकपटासाठी गोष्ट निवडताना हीच पहिली कसोटी लावावी. ‘त्याला वाटलं की…’ असे म्हटल्याशिवाय जी गोष्ट पुढे सरकत नाही, ती बाजूला ठेवावी. वाटणे दिसत नाही. हात पुढे जाणे दिसते.

आधी चौकट, मग गंमत

सगळ्यात आधी कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवावे आणि एकदा ठेवल्यावर त्याला हात लावू नये. हा नियम मी मुलांना इतक्या वेळा सांगितला आहे की आता तीच मला दरडावतात. आरंभीच्या मूकपटांत कॅमेरा एका जागी असे, आणि चौकटीत माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसे. त्याला केवळ नाइलाज समजू नये. पडणारा माणूस पडताना पूर्ण दिसला तरच हसू येते. नुसता चेहरा दाखवून मग जमिनीवरचे पाय दाखवले तर प्रेक्षकाला वाटते की मधल्या मध्ये आपल्याला फसवले. जादूचेही तसेच आहे. परात नाहीशी झाली तेव्हा मागची भिंत, खांब, पाट आणि पोरगा हे सगळे जिथल्या तिथे होते, एवढे प्रेक्षकाच्या डोळ्यांना पटले की उरलेले काम त्याचे मनच करते. कॅमेरा सुताएवढा हलला तरी भिंत टुणकन उडते आणि जादू जाते.

म्हणून ट्रायपॉडच्या पायांवर विटा ठेवाव्यात. ट्रायपॉड नसेल तर पाटा किंवा जाते यांवर मोबाइल पक्का बांधावा. आम्ही पहिल्या वर्षी तो हळदीच्या पोत्यावर टेकवला होता. पोते दिसायला भक्कम असते, पण आतली हळद हळूहळू बसत जाते आणि तासाभरात आमची चौकट आज्जीच्या डोक्यावरून तिच्या पायांवर आली होती. मोबाइल विमान मोडवर ठेवावा, कारण भर शॉटमध्ये फोन आला तर चित्रीकरण थांबते, आणि तो नेमका तेव्हाच येतो. पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. तसे केले नाही, तर पांढऱ्या सदऱ्यातला आप्पा चौकटीत आला की मोबाइल आपणहून सगळे अंगण काळवंडून टाकतो.

उजेडाबद्दल एक हिशेब लक्षात ठेवावा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. सकाळी नऊच्या सुमारास खांबाची सावली लांब असते, आणि तिचे टोक तेवढ्या वेळात डोळ्यांना कळेल इतके हलते. जादूच्या आधीचा आणि नंतरचा भाग यांत पाच मिनिटे गेली, तर परात नाहीशी होताना सावलीही उडी मारते. त्यामुळे हे शॉट ओट्याच्या सावलीत किंवा ढगाळ दिवशी घ्यावेत, आणि उन्हात घ्यायचेच झाले तर आधी कोरडी तालीम करून मग एका दमात उरकावेत.

परात नाहीशी करणे

ही सगळ्यांत जुनी युक्ती आहे आणि आजही सगळ्यांत दमदार. 1895 साली एडिसनच्या कंपनीने स्कॉटलंडच्या राणीच्या शिरच्छेदाचे काही सेकंदांचे चित्र काढले. त्यात कुऱ्हाड पडण्याआधी सगळे नट जागच्या जागी थांबले, राणीच्या जागी बाहुली ठेवली गेली आणि चित्रीकरण पुढे सुरू झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसमधल्या जॉर्ज मेलिएसने हीच युक्ती हातात घेतली. तो मुळात रंगमंचावरचा जादूगार. रस्त्यावर चित्र घेताना आपला कॅमेरा अडकला आणि नंतर पाहतो तो घोड्याच्या बसची शववाहिका झाली, असा किस्सा तो स्वतःच सांगत असे. किस्सा खरा असो वा रचलेला, त्याच्या फिती तपासणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट आढळली. नुसता कॅमेरा थांबवून तो भागवत नसे. अदलाबदलीच्या प्रत्येक जागी त्याने फीत कापून, नेमक्या फ्रेमला फ्रेम जुळवून चिकटवली होती. आपल्यालाही तेच करायचे आहे, म्हणून मोबाइलचे चित्रीकरण मध्ये थांबवूच नये. ते चालू ठेवावे, अदलाबदल करावी आणि मधला भाग नंतर कापावा. थांबवण्यासाठी बटण दाबले की मोबाइल हललाच म्हणून समजा.

आता प्रत्यक्ष कृती. शहाबादी फरशीवर पाटाच्या चारही कोपऱ्यांशी खडूने बारीक खुणा करा आणि नातवाच्या टाचांशीही करा. नातवाने वाकून हात पुढे करावा आणि तर्जनी परातीच्या काठाला लागताच जोरात ‘थांब’ म्हणावे. आवाजाची फिकीर नको, चित्रपट मुका आहे. त्या क्षणी चौकटीतल्या प्रत्येकाने श्वास धरून थिजायचे. ज्याच्यावर काम सोपवले आहे त्याने चौकटीबाहेरून यावे, परात सरळ वर उचलावी, आल्या वाटेने परत जावे. फरशीवर सांडलेले शेंगदाणे उचलू नयेत. ते आधीही तिथेच होते. तो बाहेर पडला की ‘चल’ म्हणावे आणि नातवाने रिकाम्या जागेत बोट पुढे नेऊन दचकावे.

अडचण थिजण्यात असते. पंधरा सेकंद वाकून उभे राहायचे म्हणजे हात लवतो, गुडघा थरथरतो. यावर उपाय असा, की हाताला आधार मिळेल अशी मुद्रा निवडावी; आमचा नातू डावा हात गुडघ्यावर टेकवतो आणि उजव्या हाताचे कोपर मांडीला लावून ठेवतो. मागच्या बाजलीवर झोपलेल्या आप्पांचे काम त्यामानाने सोपे, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात आप्पा खरोखरच झोपले आणि नेमके थिजण्याच्या वेळी कुशीवर वळले. तेव्हापासून ‘हलू नगासा, आप्पा!’ हे आमचे ‘लाइट, कॅमेरा, ॲक्शन’ झाले आहे.

कापताना एडिटिंग ॲपमध्ये एकेक फ्रेम पुढे जावे. सेकंदाला तीस फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेम सेकंदाचा तिसावा भाग असतो, आणि दोन-तीन फ्रेमांची चूकही डोळ्यांना खुपते. पहिल्या भागातून थिजण्याच्या आधीची, बोट अजून पुढे जात असतानाची फ्रेम घ्यावी. दुसऱ्या भागातून बोट पुन्हा हलू लागल्यावरची घ्यावी. मधला थिजलेला काळ पूर्ण काढून टाकावा. हालचालीतून हालचालीत कापले की सांधा दिसत नाही. स्थिरतेतून स्थिरतेत कापले की सगळा देह एकदम बारीकसा उडतो आणि प्रेक्षक हसण्याऐवजी ‘कापलंय’ म्हणतो. काही जण सांधा झाकायला धुराचा लोट वापरतात. तो चुलीत ओला पालापाचोळा घालून करता येतो, पण धूर दुसऱ्या भागात त्याच आकाराचा असावा लागतो आणि तो कधीच नसतो. मला विचाराल तर धूर टाळावा.

भिंतीवर उडी

नातू चार फुटी भिंतीवर उभ्या-उभ्या उडी मारतो, हे करायला त्याने भिंतीवरून खाली उडी मारायची आणि चित्र उलटे चालवायचे. चित्रपटाच्या आरंभीच्या काळातल्या फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी 1896 मध्ये भिंत पाडण्याचे एक चित्र काढले होते. ते उलटे फिरवले की धुळीतून भिंत आपोआप उभी राहताना दिसे, आणि लोक ते मुद्दाम पाहायला येत. उलट्या चित्रात काय उघडे पडते हे त्या धुळीवरून समजून घ्यावे. धूळ, धूर, पाणी, हवेत उडणारे केस आणि लुगड्याचा पदर या गोष्टी उलट्या गेल्या की लगेच ओळखू येतात. कधी ती ओळखच हवी असते, पण इथे नको. म्हणून आधी अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवून घ्यावी आणि मुलाला टोपी घालावी.

उडीच्या आधी आणि नंतर चालणे असेल तर तेही उलटे करावे लागते. म्हणजे उडी मारून खाली आल्यावर मुलाने पाठमोऱ्या पावलांनी पाटापर्यंत मागे जायचे, आणि अशा वेळी पाय टाचेऐवजी चवड्यावर आधी टेकवायचा, तर सुलट केल्यावर चाल नैसर्गिक दिसते. हा सराव अर्धा तास घेतो आणि त्यात मुले इतकी पडतात, की त्यांतलेच काही शॉट शेवटी पाठलागात वापरता येतात.

इथे एक अवांतर. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी जादूचे प्रयोग केले होते आणि त्यासाठी घेतलेले नाव होते ‘प्रोफेसर केळफा’. फाळके हे आडनाव अक्षरशः उलटे फिरवले की केळफा होतो. उलटे चित्र चालवण्याची कल्पना ज्याच्या नावातच आहे, असा चित्रपटाचा जनक दुसऱ्या भाषेला मिळालेला मला ठाऊक नाही. 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे उगवणे रोज थोडे थोडे टिपून, वेल डोळ्यांदेखत वाढते असे चित्र तयार केले आणि ते दाखवून भांडवल मिळवले. तुमच्या गोष्टीत वेळ वेगाने सरकावा असे वाटत असेल, तर मोबाइलमधले टाइमलॅप्स हीच सोय देते, पण भडंगाच्या गोष्टीत मला त्याची गरज पडली नाही.

दोन नातू

एकाच चौकटीत एकच माणूस दोनदा दिसणे ही मेलिएसची आवडती करामत. 1900 सालच्या एका चित्रात तो स्वतःच सात वादक होऊन एका ओळीत बसला आहे. त्यासाठी चौकटीचा एक भाग उघडा ठेवून बाकीचा काळा झाकायचा, चित्र घ्यायचे, फीत त्याच जागेपर्यंत मागे फिरवायची, मग दुसरा भाग उघडून पुन्हा चित्र घ्यायचे, असे सात वेळा करावे लागले. एक वेळ चुकली तर सगळी फीत वाया. अमेरिकेतला विनोदी नट बस्टर कीटन याने 1921 मध्ये हीच गोष्ट नऊ कीटनांपर्यंत नेली, आणि त्याच्या कॅमेरामनला दर वेळी कॅमेऱ्याची मूठ त्याच गतीने फिरवावी लागली.

आपल्याला मूठ फिरवायची नाही, पण रेष शोधायची आहे. अंगणात अशी एक उभी रेष निवडावी की जिच्या डावीकडचा माणूस उजवीकडे जाणार नाही. वाड्याचा लाकडी खांब यासाठी उत्तम. आधी डाव्या नातवाचा पूर्ण शॉट घ्यावा. कॅमेऱ्याला हात न लावता त्याच मुलाने सदरा बदलून उजव्या नातवाचा शॉट द्यावा. ॲपमध्ये दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून वरच्याचा अर्धा भाग खांबाच्या कडेने झाकावा, म्हणजे मास्क लावावा, आणि कडा थोडी मऊ करावी. परात दोघे ओढत आहेत असे दाखवायचे असेल तर ती खांबाच्या मागून गेलेली असावी, म्हणजे मधला सांधा खांबच झाकतो. उजव्या शॉटच्या वेळी चौकटीबाहेर बसलेल्या एकाने परातीचे दुसरे टोक खरोखर ओढावे, नाहीतर ओढण्यात जोर दिसत नाही.

नजर चुकू नये म्हणून एक साधी सोय करावी. डाव्या नातवाचे डोळे जिथे होते, त्या उंचीला काठीवर गांधी टोपी अडकवून ती खांबापलीकडे रोवावी आणि उजव्या नातवाने तिच्याशी भांडावे. ही टोपी नंतर मास्कखाली जाते. आम्ही एकदा ती काढायला विसरलो आणि पूर्ण चित्रपटभर खांबाशेजारी टोपी घातलेली काठी दिसत राहिली. ती कोणाची, हा प्रश्न गावात आठवडाभर चर्चेत होता.

आपटी, थप्पड आणि पाठलाग

इंग्रजीत या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात, आणि ती खरोखरच एक काठी आहे. इटलीच्या जुन्या लोकनाट्यात विदूषकाच्या हातात दोन चपट्या पट्ट्यांची काठी असे. मारली की पट्ट्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज येई आणि अंगाला जवळपास काहीच लागत नसे. ती सुताराकडून करून घ्यावी. दीड फूट लांबीच्या, दोन बोटे रुंद, पातळ अशा दोन पट्ट्या मुठीच्या बाजूला मध्ये लाकडाचा तुकडा घालून जोडल्या की झाली. मूकपटात आवाज ऐकू येणार नसला तरी काठी हवी, कारण फटका खाणारा नट त्या आवाजावर उडी मारतो आणि त्याची प्रतिक्रिया अचूक वेळी येते. सांगलीकरांना यात नवे वाटू नये. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत जी नाटके उभी केली, त्यांतही विदूषक आणि ‘अललडुर्र’ करीत येणारे राक्षस शब्दांपेक्षा अंगानेच जास्त बोलत, आणि तमाशातला सोंगाड्या आजही एका नजरेत अर्धा फड हसवतो.

हाताने थप्पड मारायची असेल तर ती लागूच द्यायची नाही. मारणारा आणि खाणारा यांच्यात हातभर अंतर ठेवावे, कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे किंवा खाणाऱ्याच्या मागे अशा रेषेत असावा की अंतर दिसू नये, आणि हात गालासमोरून निघून गेल्यावरच मान फिरवावी. मान आधी फिरली की सगळे फसते. नवशिक्या मुलांची ही हटकून होणारी चूक आहे. हात येताना दिसतो आणि मान आपोआप वळते. मी त्यांना डोळे मारणाऱ्याच्या कपाळावर ठेवायला सांगतो.

पडणे शिकवताना घाई करू नये. पाठीवर पडायचे असेल तर आधी उकिडवे बसून, हनुवटी छातीला लावून, कुल्ल्यावरून पाठीवर गोल लोळायचे. हात मागे टेकवायचे नाहीत, कारण मनगट तिथेच मोडते. खाली दोन गाद्या, त्यांच्यावर फरशीच्या रंगाची चादर. उंचावरून पडण्याचा शॉट माणसाने देऊच नये. भिंतीवरून पडणारा आमचा नातू म्हणजे उसाच्या पाचटाने भरलेले बुजगावणे आहे. त्याच्या सदऱ्यात आणि चड्डीत पाचट ठासून भरावे, कमरेपाशी दोन-अडीच किलो वाळूची पिशवी शिवावी, म्हणजे ते पिसासारखे तरंगत न येता देहासारखे पडते. मग परातीसारखीच थिजण्याची युक्ती. बुजगावणे पडते, त्याच जागी, त्याच मुद्रेत मुलगा निजतो आणि पुढच्या फ्रेमला डोके चोळत उठतो.

ज्यांनी हे जिवावर उदार होऊन केले, त्यांची किंमतही माहीत असावी. अमेरिकी मूकपटांतला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड याच्या हातात 1919 मध्ये छायाचित्र काढताना खोटा समजलेला बॉम्ब फुटला आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. 1923 च्या चित्रपटात उंच इमारतीवरच्या घड्याळाला लोंबकळणारा तोच, हातमोजा घालून ती उणीव झाकत होता. त्या दृश्यातही युक्ती होतीच. इमारतीच्या दर्शनी भागाचा खोटा तुकडा दुसऱ्या एका इमारतीच्या गच्चीवर उभारलेला होता, आणि कॅमेरा अशा कोनात होता की मधली गच्ची दिसू नये, फक्त खालचा रस्ता दिसावा. हा कोन आपल्यालाही उपयोगी आहे. चार फुटी भिंतीच्या कडेवर मुलगा लोंबकळतो आहे, कॅमेरा खाली जमिनीशी ठेवून वर आकाशाकडे वळवला आहे आणि जमीन चौकटीत नाही, असे केले की भिंत चाळीस फुटांची होते. कृष्णेच्या घाटावर किंवा आयर्विन पुलाच्या कठड्यावर असले काही करू नये. मागे पाणी छान दिसेल हा मोह मला दर वर्षी एकाला तरी सोडवावा लागतो.

पाठलागाचा वेग कॅमेऱ्याने वाढवायचा, पायांनी नव्हे. जुन्या कॅमेऱ्याची मूठ सेकंदाला दोनदा फिरवली की साधारण सोळा फ्रेम पडत. कॅमेरामन पाठलागाच्या वेळी मूठ मुद्दाम हळू फिरवी. सेकंदाला बाराच फ्रेम टिपल्या आणि पुढे त्या सोळाच्या गतीने दाखवल्या की माणूस सव्वा-दीडपट वेगाने धावताना दिसे. ध्वनीचे युग आल्यावर पडद्याची गती चोवीस फ्रेमांवर स्थिरावली आणि सोळाच्या गतीने टिपलेले साधे मूकपटही दीडपट वेगाने पळू लागले. जुने चित्रपट सगळेच असे टुकूटुकू चालत, हा आपला समज त्यामुळे झाला. त्या काळच्या प्रेक्षकाला ते तसे दिसत नव्हते. म्हणून सगळा चित्रपट वेगवान करू नये. आज्जी परात ठेवते तो भाग खऱ्या गतीत ठेवावा, आणि पाठलाग तेवढा 1.3 ते 1.5 पट करावा. दुपटीच्या पुढे गेले की माणसांच्या मुंग्या होतात आणि कोण कोणाला मारतो ते कळत नाही. चित्रीकरणाच्या वेळी पाठलाग सुरक्षित गतीत, जवळजवळ भरभर चालल्यासारखा करावा. आप्पांच्या गुडघ्यांनाही ते मानवते.

गंमत तिसऱ्यांदा बदलावी, हेही इथेच सांगून टाकतो. नातू खांबाला एकदा वळसा घालतो, आप्पा मागे. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा नातू थांबतो आणि आप्पा एकटेच फेरी मारून त्याच्याच मागे येऊन उभे राहतात. पहिल्या दोन फेऱ्या कापून टाकण्याचा मोह एडिटिंग करताना होतोच. त्या कापल्या की तिसरीत काही उरत नाही.

रंग, पाट्या आणि हलगी

चित्र कृष्णधवल करताना नुसता रंग काढून टाकू नये. त्या काळच्या फितीला लाल रंग जवळपास दिसतच नसे. कुंकू काळेकुट्ट पडे आणि निळे आकाश पांढरे होई. ॲपमध्ये लाल रंगाची उजळ पातळी खाली ओढली आणि निळ्याची वर नेली की आज्जीचे तांबडे लुगडे गडद होते, कपाळावरचे कुंकू ठसठशीत दिसते आणि भडंग त्यावर उठून येते. तोंडावर फेकायचा पदार्थ म्हणून हळद वापरू नका. कृष्णधवलमध्ये ती राखाडी दिसते, डोळ्यांत गेली तर झोंबते आणि मुलगा पुढचे दोन दिवस नवरदेवासारखा पिवळा फिरतो. गव्हाचे पीठ पुरते. खरे भडंगही फक्त एका शेवटच्या शॉटसाठी ठेवावे. बाकी सगळीकडे परातीत चुरमुरे चालतात, नाहीतर तिसऱ्या टेकपर्यंत शेंगदाणे संपलेले असतात.

मजकुराच्या पाट्या दोन किंवा तीन पुरे. दगडी पाटीवर खडूने लिहावे, चित्र घ्यावे, आणि मनातल्या मनात दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ ती पडद्यावर ठेवावी. जे दिसते आहे ते पाटीवर लिहू नये. ‘परात नाहीशी झाली’ अशी पाटी एका मुलीने हौसेने लिहून आणली होती. तिच्याच सूचनेवरून आम्ही तिथे ‘आज्जी म्हणाली होती, हात लावू नको’ असे लिहिले, आणि हसू आधीच सुरू झाले.

दाखवताना आवाज थेट वाजवावा. मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी वादक बसत, आणि आपल्याकडे तर हलगी आहे. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात पांढरी चादर ताणून, प्रोजेक्टर लावून आम्ही चित्रपट दाखवतो आणि हलगीवाला पडद्याच्या बाजूला, त्याला चित्र दिसेल पण त्याची सावली पडणार नाही अशा जागी बसतो. पाठलागाला तो ठेका धरतो. आपटी आली की एकच कडक थाप. ती थाप पडण्याच्या क्षणाला यायला हवी, त्याआधी नाही, आणि परात नाहीशी होते तिथे तर हलगी पूर्ण बंद हवी. पहिल्या प्रयोगाला आमचा वादक चित्रपट प्रथमच पाहत होता, त्यामुळे तो स्वतःच हसत राहिला आणि दोन आपट्या कोरड्या गेल्या. दुसऱ्या प्रयोगाआधी त्याला घरी बसवून तोच चित्रपट चार वेळा दाखवला आणि त्याचे हसू आधीच संपवून घेतले.